चतुरा बंद करू नका

सायखेड्यात छायाला दोन नावांनी ओळखत. समोर असली की रांगोळीवाली छाया, आणि पाठ वळली की कळवणहून परत आलेली. दोन्ही खरंच होतं. लग्न करून कळवणला दिली होती, सासरची माणसं हात उचलणारी निघाली, आणि एका सकाळी ती पिशवी घेऊन एसटीनं माहेरी आली. आई, लताबाई, हिनं दार उघडलं, आधी पिशवीकडं बघितलं, मग लेकीकडं, आणि म्हणाली, "चहा टाकू का जेवतीस?" त्या घरात त्या विषयावर जी काही चर्चा झाली ती एवढीच.

मग छाया पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकहाउसात जायला लागली. डोक्याला पांढरी टोपी, हातात बारीक कात्री, घडातला डागी मणी शोधून काढायचा. नजर तीक्ष्ण आणि हात हलका, त्यामुळं मुकादमीण तिला कधी बोलली नाही. पण माणसाला दिवसभर डागच शोधायला लावले की घरी आल्यावर आरशातही तेच दिसतात. छायाचं तसं झालं होतं. बोलणं कमी झालं, हसणं त्याहून कमी. सणावाराला दारात ठिपके मांडायला बसायची तेवढाच काय तो जीव रमायचा.

तिला त्यातून ओढून काढलं पाठच्या भावानं, केरूनं. आजोबांचं नाव त्याला ठेवलेलं. शाळेत पोरांनी त्यावरून केरसुणी केरसुणी करून त्याला रडवलं, पण तो शिकला, इंजिनीअर झाला, नाशिकला अंबडच्या बाजूला कॉम्प्युटरच्या ऑफिसात लागला. आठवडाभर तिथं खोलीवर राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. मधल्या खोलीत टेबलावर त्याचा जुना मोठा कॉम्प्युटर. आला की बूट काढायच्या आधी त्याचं बटण दाबायचा.

"देवाला तरी हात जोड आधी," लताबाई म्हणायची.

"हा काय देवापेक्षा कमी हाय का? हा पण लय वेळ लावतो जागा व्हायला."

तर या केरूला एक खूळ लागलं होतं. कॉम्प्युटर कितीही भारी घ्या, त्याच्या आत एक कारभारीण लागते. कुठली वस्तू कुठं ठेवली, कुणाला आधी वाढायचं, कुणाला थांबवायचं, हे सगळं ती बघते. शिकलेली माणसं तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. जगात अशा दोन-चार कारभारणी आहेत आणि त्यांच्यावर सगळ्या दुनियेचं बरं चाललंय. केरूला स्वतःची घडवायची होती. उठल्यापासून मराठीत बोलणारी.

"आहेत त्या काय मेल्या का?" लताबाईनं विचारलं.

"मेल्या नाय गं आई. पण आपल्या नाहीत."

नाव त्यानं ठेवलं चतुरा. त्याची आजी चतुराबाई, तिला घरात अंधार असला तरी कुठल्या फळीवर कुठला डबा हे बोटांना माहीत असायचं. केरू म्हणायचा, कारभारीण अशीच पाहिजे.

आता अर्धीकच्ची कारभारीण खऱ्या घरात कोण घेईल? पहिल्याच दिवशी चूल पेटवता पेटवता घर पेटवायची. म्हणून केरूनं तिच्यासाठी खोटं घर बांधलं. कॉम्प्युटरमध्ये एक भलीमोठी फाइल केली, तिला म्हणतात डिस्क इमेज. बाहेरून बघितलं तर गाण्याची, फोटोची असते तशीच एक फाइल. पण एक हुकूम टाइप केला की मशीन ती फाइल लूप नावाच्या खुंटीला अडकवायचं, आणि एकदा तिथं अडकवली की तिला खरीखुरी डिस्क समजायला लागायचं. मग ती उघडायची, आत सामान ठेवायचं, झाकायची, खुंटीवरून काढून घ्यायची. नंतर दुसरा हुकूम दिला की पडद्यावर एक काळी खिडकी उघडायची, त्या खिडकीत कॉम्प्युटरच्या पोटात दुसराच एक लटका कॉम्प्युटर चालू व्हायचा, आणि त्यात चतुरा डोळे उघडायची. चुकली, कोसळली, तरी खिडकी तेवढी काळी पडायची. खऱ्या घराला ओरखडा नाही.

चतुरा बोलणार मराठीत, तर तिला अक्षरं पाहिजेत. अक्षर म्हणजे पडद्यावरचे ठिपकेच. एका दिवाळीत केरू दाराशी बूट घालता घालता थांबला. छाया रांगोळीचे ठिपके मांडत होती.

"ताई, सोळा ठिपके सोळा ओळी. त्यात मला एक 'क' बसवून देशील?"

"आणि मग 'के' का?"

"मग सगळीच बाराखडी."

चेष्टा वाटली तिला. पण काढला. मग 'ख' काढला. मग चौकटीच्या कागदावर रोज पॅकहाउसातून आली की बसायला लागली. जोडाक्षरं तिला द्राक्षाच्या घडासारखी वाटायची, कुठला ठिपका ठेवायचा आणि कुठला कातरायचा ते हाताला कळायचं. केरूनं तिला हुकूमही शिकवले. इंग्रजी तिला बेताचंच, पण आरती पाठ करावी तसे तिनं ते पाठ केले. इमेज खुंटीला लाव, उघड, अक्षर आत ठेव, झाक, काढ, मग चतुराला उठव. आपण काढलेलं अक्षर त्या काळ्या खिडकीत पांढरं होऊन उभं राहिलेलं पहिल्यांदा बघितलं तेव्हा छाया हसली. लताबाईनं ते हसू स्वयंपाकघरातून बघितलं आणि कॉम्प्युटरला मनातल्या मनात पहिल्यांदा हात जोडले.

एक नियम मात्र केरूनं तिला बजावला होता.

"दोन दारं आहेत असं समज. पुढच्या दारानं चतुरा घरात असंल तर मागच्या दारानं आपण जायचं नाय. आधी खिडकी बंद, मगच इमेज उघडायची."

"का? लाजते का ती?"

"अगं, कुठं काय ठेवलंय ते सगळं तिच्या डोक्यात असतं. तू मागून जाऊन डबे हलवलेस तर तिला कळणार नाय. ती आपली जुन्याच जागी हात घालणार. मिठात साखर, साखरेत रॉकेल."

छायाला हे न शिकवता कळलं. कळवणला एका स्वयंपाकघरात दोन जावा होत्या.

पुढं पुढं चतुरा एवढी मोठी झाली की केरू तिच्या पोटातच बसून तिला लिहायला लागला. म्हणजे चतुरा घडवायची जी लिखापढी, तीही त्याच इमेजच्या आत. एक प्रत इथं टेबलावरच्या कॉम्प्युटरात, एक त्याच्या लॅपटॉपमध्ये. बंगळूरला अशा खुळ्या माणसांचा मेळावा भरायचा होता, ज्यानं त्यानं घडवलेलं तिथं दाखवायचं. केरूचं नाव लागलं होतं. ऑफिसातली तेजल म्हणून मैत्रीण त्याच्याबरोबर जाणार होती. सगळं होत आलं होतं. छायाकडून फक्त 'ळ' यायचा राहिला होता, त्याच्या पोटातली गाठ तिच्या मनासारखी बसत नव्हती.

"ताई, ळशिवाय काय माझी कारभारीण बोबडी बोलायची का?"

"देते रे. घाई नको करू."

सुट्टीच्या दिवशी सकाळी केरू काही कामानं नाशिकला निघाला तेव्हा काहीतरी अर्धवट टाइप केलेलं होतं. खिडकी तशीच उघडी ठेवून गाडीला किक मारता मारता ओरडला, "आई, चतुरा बंद करू नका. संध्याकाळी परत येतो, तेव्हा पुरं करीन."

चांदोरीच्या पुढं पिकअपनं उडवलं. डोक्यात हेल्मेट होतं, छातीवर काही नव्हतं. पाठीवरच्या बॅगेतला लॅपटॉप चेपून पत्रावळीसारखा झाला होता.

त्याला घरी आणलं, मधल्या खोलीत ठेवलं, नेलं. त्या जागी पीठ पसरून दिवा लावला. वर टेबलावर चतुराची खिडकी तशीच चालू. शेजारच्या कुणीतरी बटणाकडं हात नेला, तर लताबाई, जी तोवर एक शब्द बोलली नव्हती, किंचाळली.

"हात लावू नका! त्यानं सांगितलंय बंद करू नका!"

मग ठरूनच गेलं. खाली दिवा तेराव्यापर्यंत विझू द्यायचा नाही, वर चतुरा विझू द्यायची नाही. लताबाई दिव्यात तेल घालायची आणि घालता घालता पडद्याकडं बघून घ्यायची. लाइट गेली तरी अडचण नव्हती. पंख्याला नसली तरी कॉम्प्युटरला बॅटरी केरूनं केव्हाच बसवलेली.

दहाव्याला गोदावरीच्या काठावर पिंड ठेवले आणि कावळा येईना. झाडावर बसलेले दिसत होते, पण खाली उतरत नव्हते. भटजी घड्याळ बघायला लागले. चुलते पुढं झाले, हात जोडून म्हणाले, "बाबा, आईला आम्ही बघू." नाही. कुणी म्हणालं, "छायाचीही काळजी करू नको." नाही. ऊन चढलं. लताबाई वाळूत बसली होती, तिथूनच म्हणाली, "छाये, तू बोल. त्याचा जीव त्या मशिनीत अडकलाय."

छायानं पिंडापुढं डोकं टेकवलं. "केरू, तुझा ळ मी आज घालते. तुझी चतुरा तेजलच्या हाती देते, ती बंगळूरला नेईल. तुझं काम अर्धं राहणार नाय."

ती उठून मागं सरली आणि कावळा उतरला. बायका मोठ्यानं रडल्या. तेजल नाशिकहून आलेली होती, तीही रडली. तिला त्याच संध्याकाळी नाशिकरोडहून बंगळूरची गाडी पकडायची होती.

घरी आल्यावर पाहुण्यांची पंगत बसली. छाया न जेवता मधल्या खोलीत गेली. ळ कालच जमला होता, कागद तयार होता. खाली दिवा जळत होता. तिनं खिडकीकडं बघितलं. आधी खिडकी बंद, मगच इमेज उघडायची. नियम काही ती विसरली नव्हती. तोंडपाठ होता. तिचं बोट बंद करायच्या खुणेवर गेलंही. तेवढ्यात बाहेरून लताबाईचा आवाज आला, कुणाला तरी सांगत होती, "नाय नाय, मशीन चालूच हाय. माझ्या डोळ्यांदेखत कोण बंद करतंय बघते."

छायानं बोट मागं घेतलं. खाली दिवा असताना वरची विझवायची कशी? क्षणभराचं तर काम. मागच्या दारानं जाऊ, ळ ठेवू आणि निघू. चतुरा काही करत तर नाही, नुसती बसली आहे. तिनं इमेज खुंटीला लावली, उघडली, कागदावरून ळ थेट आत भरला, झाकली, काढून घेतली. कळवणहून आल्यापासून एवढी खात्री तिला कशाची वाटली नव्हती.

मग तिची नजर खिडकीतल्या त्या अर्धवट लिहिलेल्यावर गेली. केरूनं शेवटचं लिहिलेलं. ते त्यानं साठवून ठेवलेलं नव्हतं, वर तशी खूण दिसत होती. छायाला वाटलं, हे असं उघड्यावर कसं सोडायचं, हेही चतुराबरोबर तेजलला द्यायला हवं. तिनं खिडकीत जाऊन साठवायचा हुकूम दिला. चतुरानं इमानेइतबारे हुकूम पाळला. आपल्या डोक्यात जे डबे जिथं होते, तिथं तिथं हात घातला. मागून कुणी येऊन गेलं हे तिला कुठं माहीत?

तेजल हात धुऊन आली. इमेजची प्रत आपल्या लॅपटॉपमध्ये घेतली आणि सहज म्हणून चालवून बघितली. काळी खिडकी उघडली, आणि काळीच राहिली. पुन्हा केली. पुन्हा काळी. तिनं इमेज खुंटीला लावून आत डोकावलं. फाइलींची नावं होती, पण आत भलतंच. एकाचं डोकं, दुसऱ्याचं धड.

"ताई," ती हळू आवाजात म्हणाली, "हे चालू असताना तुम्ही इमेज उघडली का?"

छाया ळच्या कागदाची घडी घालायला लागली.

"ताई, सांगा ना. आत काही लिहिलंत?"

"ळ ठेवला." तिनं खिडकीकडं बोट दाखवलं, "आणि त्याचं ते साठवलं."

तेजलनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"दुसरी प्रत असंल ना कुठं?" छायानं विचारलं.

"लॅपटॉपमध्ये होती."

बाहेर कुणीतरी आग्रह करत होतं, आणखी एक वाढा, दादा, लाजू नका. तेजल खिडकीपुढं बसली. म्हणाली, जोवर ही खिडकी उघडी आहे तोवर चतुराच्या डोक्यात जे चढलेलं आहे ते जिवंत आहे, त्यातलं निघेल तेवढं काढते. बराच वेळ टाइप करत राहिली. छाया मागं उभी. शेवटी तेजलनं खुर्ची वळवली.

"अक्षरं मिळाली. पडद्यावर दाखवायला ती डोक्यात असावीच लागतात, म्हणून वाचली. शेवटचं पान मिळालं. बाकी केरूनं लिहिलेलं गेलं, ताई. मशीनच्या भाषेत शिजलेलं थोडं हाताला लागलंय, पण शिजलेल्या भाताचे परत तांदूळ होत नाहीत."

"म्हणजे माझं वाचलं."

"हो."

"आणि त्याचं गेलं."

तेजलनं लॅपटॉप पुढं ओढला. अक्षरं तेवढी घेतली. त्यात ळ नव्हता. तो मागच्या दारानं आलेला, चतुराच्या डोक्यात कधी चढलाच नव्हता. तेजल डोळे पुसत गाडीत बसली, आणि पाहुण्यांना वाटलं, जिवाभावाची मैत्रीण, रडणारच.

तेराव्याला दिवा शांत केला. पीठ गोळा केलं, त्यात कुणाला पाऊल दिसलं, कुणाला नाही. सगळी गेल्यावर लताबाई खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली. पडद्यावर पांढरी अक्षरं होती, तिला वाचता येत नव्हती, तरी बघत राहिली.

"छाये, ती पोरगी त्या दिवशी भलतीच रडत गेली."

"रडणारच ना."

"ते रडणं येगळं होतं. मी काय आज बघते का रडणं? काय झालं मशिनीचं?"

छाया कीबोर्डवरची धूळ पुसायला लागली.

"मी बंद करू देत नव्हते म्हणून काय झालं का? खरं सांग. माझ्या गळ्याची शपथ हाय."

आईच्या गळ्याची शपथ छायानं जन्मात कधी मोडली नव्हती. तिनं आईचा हात आपल्या हातात घेतला.

"नाय गं आई. तुझा काय संबंध? जुनं मशीन होतं. डिस्क खराब झाली, थोडं गेलं, थोडं राहिलं. तू म्हणत होतीस म्हणून उलट थोडं तरी राहिलं."

त्या शेवटच्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं, आणि छायाला तेच सगळ्यात जड गेलं.

"आणि कावळा?"

"शिवला ना कावळा. तूच बघितलास."

"हां. शिवला खरा." लताबाईनं पदरानं पडदा पुसला, जसं तोंड पुसतात तसा. "कर मग आता हिलाही शांत."

छायानं हुकूम दिला. आपल्या चतुरानं निरोप कसा घ्यावा हे केरूनं फार आधी ठरवून ठेवलं होतं, आणि त्यासाठीची अक्षरं तिनंच काढली होती. काळ्या पडद्यावर मधोमध एकच शब्द उमटला, येते. मग पडदा मिटला.

दुसऱ्या दिवशी पॅकहाउसला जायच्या आधी छायानं चतुराला उठवून बघितलं. ती उठणार नाही हे माहीत होतं, तरी बघितलं. त्यानंतर बरेच दिवस रोज बघायची, बूट काढायच्या आधी केरू बटण दाबायचा तशी, चप्पल घालायच्या आधी.

बंगळूरहून तेजलचा फोन आला. मागं माणसांचा गलका ऐकू येत होता.

"ताई, अक्षरं लोकांना फार आवडली. सगळे विचारतात कुणी काढली. तुमचं नाव लावलंय."

"केरूचं लाव."

"ताई, ते खोटं होईल."

"होऊ दे."

"मी नाही लावणार, ताई. त्यालाही चाललं नसतं." मग ती म्हणाली, "एक 'ळ' तेवढा पाठवा ना. तेवढंच एक अक्षर नाही."

"तो नाय देता यायचा. तेराव्याच्या पिठाबरोबर त्याचा कागद नदीत सोडला."

"मग पुन्हा काढा ना."

"नाय जमत आता," छाया म्हणाली. आत आई झोपली होती, म्हणून तिनं आवाज खाली घेतला. "तूच काढ कसाबसा."

तेजलनं काढला. ती अक्षरं आता कुठं कुठं वापरतात म्हणे. बाकी सगळी छायाच्या हाताची, ळ तेवढा दुसऱ्याच्या. दुखवट्याचं वर्ष सरलं तेव्हा सायखेड्यात दिवाळीला छायानं पुन्हा दारात रांगोळी काढली. ठिपके मांडले नाहीत. हातानं एक सरळ रेघ ओढली, तिच्यावर हळदीकुंकू वाहिलं, आणि आत गेली.